पारा एकशे सतरावर

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चिमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील. थांब जरा. दोन मिनिटं वाच, मग खुशाल फाड. पत्ता मावशीकडून काढला. नंबर मागितला तर म्हणाली, "तेवढं सोडून बोल." नकोच मला नंबर. हल्ली फोनची लाइन फार खराब येते.

भांडण उकरून काढायला लिहीत नाहीये. सहा वर्षांपूर्वी मालकांच्या ऑफिसात जे झालं, त्यातलं अक्षरसुद्धा या पत्रात येणार नाही. तू मला खोटारडी म्हणालीस, मी तुला दीडशहाणी म्हणाले, तू लॅबच्या किल्ल्या टेबलावर आपटून गेलीस. झालं ते झालं. कामाचं बोलू.

कारखान्यात एकीने मला एक प्रश्न विचारलाय. रिटॉर्टचा. ('घरच्या कुकरचा थोरला भाऊ' अशी तू पाहुण्यांना ओळख करून द्यायचीस, तोच आपला रिटॉर्ट, अजून जिवंत आहे.) दाबाचा काटा पंधरावर, म्हणजे जिथे हवा तिथे. पण पारा एकशे एकवीसवर जायचा तो एकशे सतरावरच अडून बसला. वेळ नेहमीचीच दिली, तीस मिनिटं. माल मशरूमचा, मिठाच्या पाण्यातला, छोटे डबे. तर चार डिग्रीने असा काय मोठा फरक पडतो? घरी आपण चार डिग्री मोजतो का?

इथे विचारायला तसं कोणी नाही. तुझ्या जागेवर एक मुलगी आलीय, आम्ही तिला चष्मेवाली म्हणतो. हुशार आहे, पण काहीही विचारलं की आधी वही काढते आणि तारीख घालते. साधी शंका विचारायची सोय नाही.

बाकी ठीक. तुझ्या भावोजींची दाढ काढली. गाल असा सुजलाय की बघून हसू येतं. काल ते घरीच होते, बॉयलरवर बदली माणूस होता.

उत्तर एका ओळीचं दिलंस तरी चालेल.

तुझी ताई


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चिमे,

पहिलं पत्र तुला आज मिळालं असेल, नाहीतर उद्या मिळेल. उत्तर यायच्या आत दुसरं लिहितेय, कारण पहिल्यात मी चलाखी केली.

ती 'एकी' मीच. तुझ्या लक्षात आलंच असेल म्हणा, तू काय दुधखुळी नाहीस.

सोमवारची दुसरी फेरी, बाराशे डबे. दाब भरला आणि पारा सतरावर थांबला. असं झालं तर काय समजायचं, हे मला तूच शिकवलंस. दाब आहे पण उष्णता नाही, म्हणजे वाफेबरोबर हवाही आत कोंडलीय. हवा काट्याला फसवते, डब्याला शिजवत नाही. अशा वेळी सगळी वाफ सोडून द्यायची, वरची झडप उघडायची, हवा पार निघून जाईपर्यंत वाफ वाहू द्यायची आणि पहिल्यापासून सुरू करायचं. सगळा मिळून पाऊण तासाचा खेळ. मी काय केलं? मी रजिस्टरात १२१ लिहिलं.

तापमानाचा आलेख काढणारा पेन गेल्या सप्टेंबरपासून बंद आहे. त्यामुळे पारा किती होता ते फक्त मला ठाऊक आणि पाऱ्याला.

आता तू म्हणशील, मग ते बाराशे डबे बाजूला काढ. कपाळ माझं! दिवसाच्या तिन्ही फेऱ्यांवर एकच शिक्का पडतो. गोदामात छत्तीसशे डबे एका ढिगात रचलेत आणि त्यातले दुसऱ्या फेरीचे कुठले, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्यातले चोवीस उचलून चष्मेवालीने उबेच्या खोलीत ठेवलेत. तुझ्याच वेळची पद्धत: सदतीस डिग्री, चौदा दिवस, फुगतात का बघायचं. चौदा दिवस संपतात सोमवारी, सतरा तारखेला. त्याच दिवशी ट्रक येतो आणि माल तीन इस्पितळांच्या स्वयंपाकघरांत जातो.

मी रोज जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीत जाऊन येते. झाकणं अंगठ्याने दाबून बघते. चोवीसच्या चोवीस सपाट आहेत.

थर्मामीटरही जुना झालाय गं. काच धुरकट आहे. कदाचित पारा वरपर्यंत गेलाही असेल आणि मलाच नीट दिसला नसेल. असं होऊ शकतं ना? तू नुसतं 'होऊ शकतं' एवढं लिही. मला झोप लागेल.

ताई


सोमवार, १० फेब्रुवारी

चिमे,

काच धुरकट नाही. मी आज फडक्याने पुसून बघितली, लख्ख आहे.

तुझं जेवणाच्या टेबलावरचं व्याख्यान आठवतंय. तू नुकती लॅबमध्ये लागली होतीस आणि आम्हाला घास गिळू देत नव्हतीस. जंतू उकळत्या पाण्यात मरतो, म्हणालीस, पण काही जंतू भारी चिवट. दिवस वाईट आले की ते स्वतःला कवचात बंद करून घेतात, त्याला बीजाणू म्हणायचं. तो खात नाही, वाढत नाही आणि मरत तर मुळीच नाही. तासन् तास उकळा, तो आपला बसलेलाच. मग डबा बंद होतो, थंड होतो, आत हवेचा लवलेश नाही, आंबट काही नाही, की तो उठतो आणि माहेरी आल्यासारखा हातपाय पसरतो. तेव्हा विष तयार होतं. आई म्हणाली, "अगदी तुमच्या आत्यासारखा गं." आपण दोघी हसून हसून लोळलो होतो. आत्याला ते कोणी कळवलं, हा शोध अजून लागलेला नाही.

मग तू त्या विषाचं सांगितलंस आणि हसणं थांबलं. आधी पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, जीभ वळत नाही, शेवटी श्वास. इस्पितळात पडलेल्या माणसाला असं झालं तर कोण म्हणेल की मशरूमने झालं? म्हणतील, आजारच होता, वाढला.

आता जे लिहिते ते दोनदा वाचू नकोस, एकदाच वाच.

मला ऐकू येत नाही, चिमे. डावा कान पूर्ण गेलाय, उजव्याला समोरच्याचं थोडंफार कळतं, तेही तोंड दिसत असेल तर. लाइन खराब नाही, मीच खराब. तीस वर्षं त्या शेडमध्ये वाफेचा हैदोस ऐकला, दुसरं काय होणार?

आणि रिटॉर्टवर सगळा खेळ कानाचा. तुझा नियम घड्याळाचा आणि पाऱ्याचा, सात मिनिटं आणि एकशे सात डिग्री, दोन्ही झाल्याशिवाय झडप बंद करायची नाही. पण तुला माहितीये, मी घड्याळाकडे कधी ढुंकून बघितलं नाही. झडपेतून आधी हवा निघते तेव्हा ती थुंकल्यासारखी फसफसते. हवा संपली की आवाज बदलतो, एकसारखा, कोरडा. तो बदल मला झोपेतही कळायचा. कारखान्यात त्याचं केवढं कौतुक होतं! पाहुणे आले की मालक सांगायचे, आमच्या बाईंचे कान म्हणजे यंत्र. त्या कौतुकापायीच मी कोणाला काही बोलले नाही.

भावोजींना कळलं होतं. बायको तीनदा हाक मारल्यावर वळते, नवऱ्याला कळणार नाही? त्यांनी युक्ती काढली. बॉयलरच्या दारातून रिटॉर्ट दिसतो. त्यांनी आवाज ऐकायचा, बदलला की हात वर करायचा, आणि मी झडप फिरवायची. सहा वर्षं हे चाललंय. त्यांचे कान, माझे हात. एक फेरी चुकली नाही.

तीन तारखेला ते दाढ धरून घरी बसले होते. मी सवयीने दाराकडे बघितलं. दारात बदली माणूस होता. त्याने हात वर केला. मी झडप बंद केली.

त्याने चहावाल्याला हाक मारली होती.

चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती. पारा अडला तेव्हाच काय ते कळलं. पण परत सुरुवात करायची तर सुपरवायझर विचारणार, का? काय सांगू? की मी कानाने नाही, नवऱ्याच्या हाताने वाफ ऐकते? मी पेन उचललं.

ताई


बुधवार, १२ फेब्रुवारी

चिमे,

आज चष्मेवाली शेडमध्ये आली. वही होतीच. बॉयलरचं रजिस्टर तिने तपासलंय. तीन तारखेला बदली माणसाने वाफ कमी ठेवली होती आणि दुसऱ्या फेरीला तर फारच पडली होती. "काकू," म्हणाली, "एवढ्या वाफेवर नेहमीच्या वेळात १२१ कसं आलं?" ती माझ्याकडे तोंड करून हळू बोलते. तिला माझ्या कानांचं कळलंय की ती सगळ्यांशीच तशी बोलते, देव जाणे.

मी म्हटलं, "वाफ स्वच्छ लागल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलंय. तीस वर्षं ऐकतेय."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला ते ओळखीचं लागलं. ओळखलंस ना?

नाही म्हटलं होतं, तरी त्या दिवसाचं लिहावंच लागेल. तेव्हा पेन चालू होता आणि त्याची रेघ एकशे अठराच्या वर गेली नव्हती. तू माल अडवलास. मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. तू म्हणालीस, "ताई, झडप लवकर बंद झाली का? नुसतं खरं सांग, कोणी काही म्हणणार नाही." मी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, पेन अडकला होता, वाफ स्वच्छ लागल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलंय. शब्दन् शब्द हाच.

पेन अडकला नव्हता. मला ऐकू आलं नव्हतं. तेव्हापासूनच कमी यायला लागलं होतं आणि मी ते स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. तुझ्या एका प्रश्नाने ते उघडं पडलं असतं, म्हणून मी तुलाच तोंडघशी पाडलं. सख्ख्या बहिणीला, आठ माणसांसमोर.

माल गेला. कुठून काही तक्रार आली नाही. मालक म्हणाले, "शिकलेल्यांना उगाच भीती वाटते." सगळे हसले. मीही हसले.

चष्मेवालीने माझं वाक्य वहीत लिहून घेतलं, खाली तारीख घातली आणि "बरं काकू" म्हणून गेली. तू निदान भांडली तरी होतीस. ही नुसती बघून गेली, ते जास्त लागलं.

ताई


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चिमे,

तुझं कार्ड मिळालं. ना 'ताई', ना 'तुझी', ना खुशाली. तरी मी ते चार वेळा वाचलं.

"११७ला साधारण अडीचपट वेळ लागतो. तीसच्या जागी पंचाहत्तर मिनिटं. जिथे हवा अडकली असेल तिथे ११७सुद्धा नसणार. माल अजून तुझ्या हातात आहे का?"

'तुझ्या' लिहिलंस, आणि कार्डावरची तारीख तर माझं दुसरं पत्र पोचायच्या आधीची. पहिल्या पत्रातली माझी 'एकी' तुझ्यापुढे एक मिनिटही टिकली नाही. आणि कान फुकट गेले तरी डोळे आहेत, 'आहे का'खाली तू दोनदा रेघ मारलीस तेही दिसलं.

आहे. गोदामात आहे, सोमवारी दुपारी बारापर्यंत.

उबेच्या खोलीत आजही चोवीस झाकणं सपाट. मालक स्वतः येऊन बघून गेले, खूश आहेत. मीही खूश व्हायला बघतेय पण जमत नाही. छत्तीसशेतले चोवीस! त्यात दुसऱ्या फेरीचे किती आले असतील? आणि त्या फेरीतही हवा सगळीकडे सारखी नाही अडकत, एखाद्या कोपऱ्यात अडकते, खालच्या टोपलीत मध्यभागी. तिथले पन्नास डबे कच्चे राहिले असतील, नाहीतर दहा. ते दहा आपल्या चोविसात कशाला येतील? तूच म्हणायचीस, डबा फुगला तर नशीब समजा, निदान तो सांगून तरी मोकळा होतो. न फुगलेल्याची भीती.

गोदामात जाऊन ढिगासमोर उभी राहिले. सगळे डबे सारखे, चकचकीत. त्यातला कुठला, कोणाला सांगता येईल? नंतर गोदामवाल्याने खांद्याला हात लावला तेव्हा मी दचकले. तो म्हणे केव्हाचा हाका मारत होता.

सांगायला हवं, हे मला कळतंय. मला कळत नाही असं तुला वाटू नये म्हणून लिहितेय. पण उद्या सकाळी सांगेन असं म्हणत चार सकाळी गेल्या.

ताई


रविवार, १६ फेब्रुवारी

चिमे,

सकाळी भावोजींना सांगितलं की उद्या मी ऑफिसात जाणार. आमच्या घरात एवढं भांडण लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. त्यातलं निम्मं मला ऐकू आलं नाही, कारण ते पाठ फिरवून बोलत होते. मी म्हटलं, अहो, शिव्या द्यायच्या तर तोंड दाखवून द्या. तेव्हा वळले.

"दोघांच्या नोकऱ्या एका छपराखाली आहेत," म्हणाले. "मला तीन वर्षं राहिलीत. तू बोललीस की ते विचारणार, हात कोण वर करायचं? मी सहा वर्षं तुझं झाकलं, ते माझ्या गळ्यात येणार."

"येणार," मी म्हटलं.

"चोवीस डबे चांगले आहेत ना?"

"चोवीस आहेत."

"मग कशाला जिवाला लावून घेतेस? मागच्या वेळी काय झालं? काही झालं नाही."

"ते तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी मेल्याचं कानावर आलं का?"

"माझ्या कानावर?" मी म्हटलं. मग मला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं, आणि हसता हसता ते रडायला लागले. सूज उतरलेला गाल तसाच हातात धरून. चिमे, मला त्या माणसाचा फार राग येतो आणि फार मायाही येते. माझी अब्रू राखायला तो सहा वर्षं दारात उभा राहिला. चहाला गेला नाही, पाणी प्यायला गेला नाही, झडप उघडी असेपर्यंत जागचा हलला नाही. एक दिवस दाढ दुखली, तर त्याचं हे झालं.

दुपारी म्हणाले, "बरं, जा. माल थांबव. लोकांच्या पोटात विष जायला नको, एवढं मलाही कळतं. पण फक्त मालाचं सांग. चिमीचं जुनं काढू नकोस. ते सांगून आता कोणाचं भलं होणार आहे?"

मी काही बोलले नाही. त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणाले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मी तरीही काही बोलले नाही.

ताई


मंगळवार, १८ फेब्रुवारी

चिमे,

काल सकाळी नऊ वाजता गेले. ऑफिसात मालक, सुपरवायझर, हिशेबनीस आणि चष्मेवाली. भावोजी सांगितलं नसताना मागून आले आणि दाराशी उभे राहिले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: पारा, रजिस्टर, हात, चहावाला, कान. सांगताना आवाज किती मोठा लागतोय ते मला कळत नव्हतं. बाहेरच्या पॅकिंगच्या बायका दारात जमा झाल्या, त्यावरून अंदाज आला.

मला वाटलं होतं मालक ओरडतील. नाही ओरडले. त्यांनी आधी ट्रकवाल्याला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं. माल नष्ट करा म्हणाले, सगळा, छत्तीसशेच्या छत्तीसशे, बाहेर एकही जाता कामा नये. मला खुर्ची दिली. पाणी मागवलं. माणूस वाईट नाही गं, तेच तर अवघड झालं.

अन्न खात्याकडे जबाब द्यावा लागतो. चष्मेवालीने छापील कागद आणला. काय झालं, कधी झालं, किती डबे, हे सगळं मी भरलं. पाचवा रकाना होता: यापूर्वी असे घडले आहे काय?

मालक टेबलावरून पुढे वाकले. कानांचं कळल्यापासून ते माझ्याशी तोंड मोठं उघडून बोलत होते, दातांच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखे. म्हणाले, "तिथे 'नाही' लिहा. माल गेलेला नाही, कोणाला काही झालेलं नाही. तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत, मी विसरणार नाही. तुम्हाला पॅकिंगला घेतो, हे बॉयलरवरच राहतील. पण जुनं काही निघालं तर खातं सहा वर्षांची सगळी रजिस्टरं उचलून नेईल. इस्पितळांचं काम जाईल, पाठोपाठ कारखाना. बाहेर चाळीस बायका आहेत. एक शब्द आहे, बाई. 'नाही.'"

मी भावोजींकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत नव्हते.

खरं सांगू? मला 'नाही' लिहायचं होतं. पेन टेकवलं होतं. माल थांबला होता, कोणी मरणार नव्हतं, दोघांच्या नोकऱ्या राहत होत्या, माझी वाहवाही झाली असती. नुकसान झालंच असतं तर एकटीचं, आणि ती तर सहा वर्षांपूर्वीच किल्ल्या टाकून गेलेली. तिला पत्ताही लागला नसता. तुझ्या त्या कार्डाचंही काही वाटून घेतलं नसतं मी, मला मी ओळखते. पण मनात आलं, मी 'नाही' लिहिलं तर आज ज्या गोष्टीसाठी मालकांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, तीच गोष्ट तू केलीस तेव्हा तुला आम्ही काय दिलं होतं?

मी मान खाली घातली. मान खाली घातली की मला जगातलं कोणी थांबवू शकत नाही. मालक बोलत होते, टेबल हादरत होतं, म्हणजे मूठही आपटली असावी. मी लिहीत गेले. होय, लिहिलं. सहा वर्षांपूर्वी, अमुक महिन्यात, झडप लवकर बंद केली ती मी. पेन अडकल्याचं खोटं सांगितलं ते मी. तो माल बाहेर गेला आणि कोणी खाल्ला, त्यांचं काय झालं, ते मला माहीत नाही आणि इथे कोणालाच माहीत नाही. मग तुझं पूर्ण नाव लिहिलं, आईने ठेवलेलं, आणि पुढे लिहिलं: त्यांनी माल अडवला होता. त्यांचं बरोबर होतं. रकान्यात मावेना, मी कागद उलटून मागच्या बाजूला लिहिलं. सही केली तेव्हाच वर बघितलं.

माझी कालपासून कायमची सुट्टी. भावोजींना महिनाअखेरपर्यंत ठेवलंय, पुढचं पुढे. ते काल घरी आल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत. पण आज सकाळी माझा चहा त्यांनीच केला, एवढं मात्र खरं.

जबाबाची प्रत सोबत आहे. चष्मेवालीने दोन केल्या, एक तुझ्यासाठी, मी न सांगता. नियम असा आहे की सही झाली की जबाब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. तिने उभं राहून वाचला. मालक मध्ये काहीतरी म्हणाले, ती थांबली नाही. मला आवाज मुळीच आला नाही, चिमे. मी तिच्या ओठांकडे बघत होते. पान उलटलं, आणि सहा वर्षांनी त्या ऑफिसात कोणीतरी तुझं नाव घेतलं. दिसलं मला.

ताई